मागच्या चाकाची गोष्ट

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेलं भाषण. छापताना थोडं आवरलं आहे.)



या व्यासपीठावर दरवर्षी इतिहास, संगीत, साहित्य यांतली जाणकार माणसं बोलून जातात. यंदा कार्यकारिणीने आम्हा दोघा भावांना उभं केलं आणि विषयही आमच्यावर सोडला. आमच्यातला थोरला डिप्लोमा करून राज्य सरकारात रस्त्यांच्या कामावर उपयंत्री आहे, धाकट्याचं दुचाकींचं गॅरेज आहे. बोलायला थोरला उभा आहे, कारण धाकट्याच्या हाताला माइकपेक्षा पाना बरा वाटतो. पण बोलणं दोघांचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो.

विषय एका मोटारसायकलचा आहे. गणपतीत मोटारसायकल कशाला, असं काही जणांच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण पृथ्वीप्रदक्षिणेची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. बाप्पांनी आईवडिलांना प्रदक्षिणा घातली आणि पैज जिंकली. कार्तिकेय मात्र मोरावर बसून खरोखरच निघाला होता. आज ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहोत, तो कार्तिकेयाच्या पंथातला. आणि शेवटी गोष्ट आईपाशीच येणार आहे. आमची आई पहिल्या रांगेत पाठीला उशी लावून बसली आहे. तिचा या गाडीशी काय संबंध, तेही सांगू.

सुरुवात आमच्या घरातून करतो. आमच्या आजोबांनी महूच्या छावणीतून निकालात निघालेली एक बीएसए मोटारसायकल घेतली होती. एम-२० मॉडेल, ४९६ सीसीचं एकच सिलिंडर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांसाठी अशा गाड्या लाखाहून जास्त बनल्या. इंजिन असं की कोणत्याही हवेत, कोणत्याही तेलावर चालावं. पण त्या गाडीला मागे सस्पेन्शनच नव्हतं. मागचं चाक सरळ फ्रेमला पक्कं बोल्ट केलेलं. चालवणाऱ्याच्या गादीखाली दोन स्प्रिंगा होत्या, तेवढाच काय तो आराम. मागे बसणाऱ्याला मडगार्डवर एक छोटीशी गादी. आजी त्या गाडीवर एकदाच बसली. उतरल्यावर म्हणाली, "यापेक्षा टांगा बरा." पुन्हा बसली नाही.

धाकट्याने काही वर्षांपूर्वी वाड्यातली ती गाडी पुन्हा चालू केली, तेव्हा आम्हाला प्रश्न पडला. ज्या लोकांनी इतकं चिवट इंजिन बनवलं, त्यांना मागे दोन स्प्रिंगा बसवायला काय झालं होतं? सुचलं नव्हतं? उत्तर शोधत पुस्तकं आणि जुनी चित्रं चाळता चाळता आम्ही इटलीतल्या एका गाडीपाशी पोचलो. बीएसएच्या कितीतरी आधीची, १९२८ सालची. तिचं नाव मोटो गुझी जी. टी., आणि लोकांनी ठेवलेलं नाव 'नोर्गे'. १९२८ ते १९३० या काळात तिच्या फक्त ७८ गाड्या बनल्या.

या कंपनीचा जन्म पहिल्या महायुद्धातला. इटलीच्या नौदलाच्या विमानदलात तीन तरुण एकत्र आले. कार्लो गुझी हा यंत्रातला माणूस. जॉर्जो पारोदी हा जेनोव्हाच्या श्रीमंत जहाजमालकांच्या घरातला वैमानिक. तिसरा जोव्हान्नी राव्हेल्ली, वैमानिक आणि त्याआधी मोटारसायकलच्या शर्यतींतला नामवंत. युद्ध संपलं की तिघांनी मिळून मोटारसायकल बनवायची असं ठरलं. कार्लोने आराखडा करायचा, पारोदीने पैसा उभा करायचा, राव्हेल्लीने शर्यती जिंकायच्या. युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये राव्हेल्ली विमान अपघातात गेला. मोटो गुझीच्या टाकीवर आजही पंख पसरलेला गरुड असतो. तो विमानदलाचा आणि त्या गेलेल्या मित्राच्या आठवणीचा.

पारोदीने वडिलांकडे पैसे मागितले. वडिलांनी १९१९ च्या जानेवारीत पत्राने होकार कळवला. रक्कम दीड-दोन हजार लिरा, त्याहून जास्त नाही, आणि पुढची मदत करायची की नाही ते काम बघून ठरवणार. आपल्याकडच्या वडिलांनीही असंच पत्र लिहिलं असतं. पहिली गाडी कोमो सरोवराच्या काठी मंडेल्लो गावात, एका लोहाराच्या कारखान्यात उभी राहिली. १५ मार्च १९२१ रोजी कंपनी स्थापन झाली आणि त्या पहिल्या वर्षात गाड्या विकल्या गेल्या सतरा.

गाडीची रचना वेगळी होती. बुलेटचं सिलिंडर उभं असतं, हे आपण रोज पाहतो. कार्लोने ते आडवं झोपवलं, पुढच्या चाकाकडे तोंड करून. त्यामुळे सिलिंडरच्या डोक्याला थेट वारा लागतो आणि गाडीचं वजन खाली राहतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात. फ्लायव्हील बाहेर, उघडं, मोठ्या थाळीएवढं. ही आडव्या सिलिंडरची पाचशे सीसीची चाल त्या कंपनीने पुढे पन्नासहून जास्त वर्षं टिकवली.

आता मागच्या चाकाकडे येऊ. त्या काळी जवळजवळ सगळ्या मोटारसायकली आमच्या आजोबांच्या बीएसएसारख्याच होत्या. पुढे स्प्रिंग, मागे काही नाही. मागे स्प्रिंग द्यायची कल्पना मात्र जुनीच. अमेरिकेतल्या इंडियन कंपनीने १९१३ मध्ये मागच्या चाकाला ट्रकसारखे पाटे दिले होते. तरी ती गोष्ट रुजली नाही, आणि त्याला कारण होतं. धाकटा गॅरेजमध्ये मुलांना ते असं समजावतो.

चाक फ्रेमला पक्कं असतं तेव्हा ते फक्त फिरतं. त्याला वर-खाली करायची मुभा दिली, की ते डावं-उजवंही हलू बघतं. आपल्या गाड्यांना मागे जो चिमटा असतो, तो पुढच्या टोकाला एका पिनेवर झुलतो. त्या पिनेचे बुश जरा सैल झाले, की वळणावर मागचं चाक आपल्याच मनाने जातं. ज्यांनी जुनी मोपेड सैल चिमट्याने पळवली आहे, त्यांना पोटात येणारा तो गोळा माहीत आहे. शिवाय चाक वर-खाली झालं की साखळी कधी ताणते, कधी सैल पडते. तेव्हाचे बरेच प्रयोग असेच डगमगणारे होते. म्हणून चालवणाऱ्यांचं मत पक्कं झालं, की मागे स्प्रिंग म्हणजे आराम, आणि आराम म्हणजे गाडीवरचा ताबा गेला. मर्दानी गाडी कडकच असायची. हाडं खिळखिळी झाली तरी चालेल.

कार्लो आणि त्याचा इंजिनिअर भाऊ जुझेप्पे यांना हे पटेना. त्यांचं म्हणणं उलट होतं. कडक गाडीचं मागचं चाक प्रत्येक खड्ड्यावर उसळतं. जितका वेळ ते हवेत, तितका वेळ ना ब्रेक लागतो, ना इंजिनाची ताकद रस्त्याला मिळते. चाक रस्त्याला चिकटून राहिलं पाहिजे, आणि त्यासाठीच ते हललं पाहिजे. आराम हवाच, पण तो मागोमाग येतो.

दोघा भावांनी मिळून जी फ्रेम केली तिला इटालियनमध्ये लवचिक फ्रेम म्हणतात. मागचा सगळा भाग एक मजबूत त्रिकोण, तो इंजिनाच्या मागे पिनेवर झुलतो. त्रिकोण असल्यामुळे तो पिळवटत नाही. आणि स्प्रिंगा ठेवल्या कुठे, तर चाकाजवळ नाही, इंजिनाच्या खाली एका आडव्या पेटीत. चाकाने उसळी मारली की दांड्यांमधून त्या दाबल्या जातात. म्हणजे वजन खाली आणि मध्यभागी राहिलं. गेल्या काही वर्षांतल्या 'मोनोशॉक' गाड्यांची जाहिरात करताना गाडीच्या मध्यभागी असलेल्या एका स्प्रिंगचं कौतुक होतं. त्यामागचा विचार शंभर वर्षांपूर्वी मंडेल्लोत झालेला होता.

ही गाडी सुमारे १३ अश्वशक्तीची, हाताने बदलायचे तीन गिअर, वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास. लांबच्या प्रवासासाठी म्हणून नाव जी. टी. सगळं तयार होतं, पण घेणाऱ्यांच्या मनातली शंका जाईना. इथे जुझेप्पेने जे केलं त्यासाठी आम्ही आज हा विषय घेतला. त्याने स्वतः बनवलेल्या गाडीवर सामान बांधलं आणि उत्तरेकडे निघाला.

ते १९२८ साल होतं. इटलीचं लक्ष त्या वेळी उत्तरेकडेच लागलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये, 'नोर्गे' नावाचं इटलीत बनलेलं वायुयान आमुंडसेन आणि नोबिले यांना घेऊन उत्तर ध्रुवावरून पार गेलं होतं. नोर्गे म्हणजे नॉर्वे देश. आणि १९२८ च्या मे महिन्यात नोबिलेचं दुसरं वायुयान 'इटालिया' बर्फावर कोसळलं. त्याला शोधायला निघालेला आमुंडसेन स्वतःच परतला नाही. अशा वर्षी हा माणूस एक सिलिंडर आणि तीन गिअर घेऊन ध्रुववृत्ताकडे चालला होता.

आल्प्स ओलांडून जर्मनी, पुढे स्कँडिनेव्हिया, आणि नॉर्वेच्या उत्तरेला ध्रुववृत्तापर्यंत. इटलीत ती 'कापो नॉर्द'ची, म्हणजे उत्तर टोकाची सफर म्हणून ओळखली जाते. सहा हजारांहून जास्त किलोमीटर, सुमारे चार आठवडे. तेव्हाचे तिकडचे बरेचसे रस्ते खडीचे आणि मुरमाचे. रस्त्यांचं काम करणारा माणूस म्हणून थोरला सांगू शकतो, की खडीच्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी आडव्या लाटा पडतात, पन्हळी पत्र्यासारख्या. कडक गाडीवर अशा रस्त्याने दिवसाला दोनशे किलोमीटर, रोज, महिनाभर गेलं, तर फ्रेमचे सांधे तरी तुटतात नाहीतर माणसाचे. जुझेप्पेची गाडी आणि जुझेप्पे, दोघं धड पोचले. तेव्हापासून त्या गाडीला लोक 'नोर्गे' म्हणू लागले.

आता कुणाला वाटेल, यानंतर गाडीवर उड्या पडल्या असतील. तसं झालं नाही. आकडा मघाशी सांगितला, ७८. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कडक गाडीच घेतली. त्याच साली इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंट नावाच्या केंब्रिजमध्ये शिकलेल्या तरुणानेही मागे स्प्रिंग असलेली गाडी बाजारात आणायला घेतली होती, आणि त्यालाही गिऱ्हाइकाच्या याच शंकेने छळलं.

पण मंडेल्लोच्या मंडळींनी फ्रेम सोडली नाही. नोर्गेमागून आलेली जी. टी. १६ बऱ्यापैकी विकली गेली, आणि मग इटालियन सैन्याने त्याच जातीच्या गाड्या घेतल्या. म्हणजे पुढच्या महायुद्धात इटालियन निरोप्या मागे स्प्रिंग असलेल्या गुझीवर, आणि आमच्या आजोबांच्या बीएसएवरचा ब्रिटिश निरोप्या कडक मडगार्डवर. युद्ध कोण जिंकलं ते सोडा, पाठ कुणाची शाबूत राहिली असेल ते सांगायला नको.

शंका खरी मिटली ती १९३५ मध्ये. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावरची टी. टी. शर्यत म्हणजे मोटारसायकलवाल्यांची पंढरी. साध्या रस्त्यावरची, सुमारे साठ किलोमीटरची एक फेरी, अशा सात. तिथे इंग्लंडच्या नॉर्टनचं राज्य होतं, आणि नॉर्टन मागे कडक. स्टॅन्ले वुड्स हा आयरिश स्वार त्या वर्षी मागे स्प्रिंग असलेली गुझी घेऊन उतरला. लहान गाड्यांची शर्यत त्याने जिंकली. मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत शेवटच्या फेरीआधी तो नॉर्टनच्या जिमी गथ्रीच्या मागे होता. गुझीची माणसं पेट्रोल भरायच्या तयारीत उभी राहिली. नॉर्टनवाल्यांना वाटलं हा आता थांबणार, म्हणजे आपण निर्धास्त. वुड्स थांबलाच नाही, तसाच सुसाट पुढे गेला. तिकडे गथ्रीला विजेता समजून लोक अभिनंदन करायला लागलेसुद्धा, आणि वुड्स चार सेकंदांनी जिंकला. पुढच्याच वर्षी नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांना मागे स्प्रिंगा आल्या.

आपल्याकडे हा सुधार पोचला तो बुलेटवरून. १९४९ च्या रॉयल एनफिल्ड बुलेटला मागे झुलणारा चिमटा होता, आणि १९५५ पासून ती गाडी मद्रासला तयार होऊ लागली. आज पन्नास हजारांतल्या गाडीलाही मागे शॉकअप असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. नोर्गेचं नाव कंपनीने २००६ मध्ये आपल्या बाराशे सीसीच्या टूरिंग गाडीला पुन्हा दिलं.

आता आईची गोष्ट. ही सांगायची की नाही यावर आम्हा भावांचं बरंच बोलणं झालं. आईनेच सांगा म्हटलं.

काही वर्षांपूर्वी एका गावाच्या सहा किलोमीटर रस्त्याचं दुरुस्तीचं काम झालं. तपासणीला थोरला गेला होता. लांबी मोजली, रुंदी मोजली, थराची जाडी मोजली, सगळं बरोबर. पाइपलाइनसाठी खोदलेले आडवे चर जागोजागी बुजवले होते. अशा ठिकाणी तीन मीटरची सरळपट्टी रस्त्यावर ठेवून वर-खाली किती आहे ते बघायचं असतं. ऊन होतं, संध्याकाळी मीटिंग होती. जीपमधून एक फेरी मारली, जीपमध्ये काही जाणवलं नाही, आणि एम. बी.त सही केली.

त्या दिवाळीत आई त्याच गावच्या आत्याकडे गेली होती. परत आणायला धाकटा मोटारसायकल घेऊन गेला. संध्याकाळ झाली होती, वेग काही फार नव्हता. पुलियाजवळच्या एका चरावर गाडी उसळली. पडलं कुणी नाही. आईने फक्त "अगं बाई" म्हटलं आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. रात्री तिला कुशीवर वळता येईना. वयाने हाडं ठिसूळ झालेली, मणक्याला बारीक फ्रॅक्चर. तीन महिने पट्टा, आणि आज तुम्हाला दिसतेय ती उशी.

दवाखान्याच्या बाकावर धाकट्याने विचारलं, "दादा, त्या रस्त्यावर सही कोणाची आहे?" त्याला माहीत होतं. थोरल्याने सांगितलं, "माझी." त्यावर तो पुढे काही बोलला नाही, आणि ते न बोलणं जास्त लागलं. आई मात्र पडल्या पडल्या म्हणाली, "त्याला कशाला बोलतोस? तो बिचारा जीपमधनं गेला होता."

तिने समजूत घालायला म्हटलं. पण चूक नेमकी तीच होती. कागदावर सगळे आकडे बरोबर होते. गाडी बनवणाऱ्या जुझेप्पेकडेही आकडे होतेच की. त्यानेही मंडेल्लोत टेबलावर बसून स्प्रिंगेचं गणित लोकांना समजावलं असतं तर चाललं असतं. पण जे आपण लोकांच्या पाठीखाली देणार, त्यावर आधी आपली पाठ ठेवायची, हे त्याला कळत होतं. आम्हाला ते कळायला आईचा मणका लागला.

त्या रस्त्याचे चर ठेकेदाराकडून पुन्हा नीट करून घेतले. थोरल्याने वरिष्ठांना तसं लिहून दिलं, त्याचा जो काय त्रास व्हायचा तो झाला. तेव्हापासून घरात एक रीत पडली आहे. थोरल्याकडे सहीला आलेला कुठलाही रस्ता असला, की सुट्टीच्या दिवशी आजोबांची बीएसए बाहेर निघते. धाकटा चालवतो आणि थोरला मागच्या मडगार्डवर बसतो, जिथे आजी एकदाच बसली होती. त्या गाडीला मागे स्प्रिंग नाही, त्यामुळे ती काही लपवत नाही. जिथे दणका बसला तिथे उतरून खडूने खूण करायची आणि सरळपट्टी लावायची. खात्यात थोडं हसं होतं. होऊ दे.

नोर्गे आम्ही प्रत्यक्ष पाहिलेली नाही. ती मंडेल्लोला आहे, कोमो सरोवराच्या काठी, कंपनीच्या संग्रहालयात. कधी जमलं तर दोघं जाऊ. आईने आत्ताच सांगून ठेवलंय, की तिथेही तुम्ही मागच्या चाकाकडेच बघत बसाल.

तरुण मुलांना एवढंच सांगतो, परवा विसर्जनाला मागे आई-आजीला बसवून निघालात तर खड्ड्यापाशी वेग कमी करा. आणि रस्ता वाईट असेल तर आम्हाला येऊन सांगा. आमचं घर सगळ्यांना माहीत आहे.



गणपती बाप्पा मोरया!